सालीसकट

मी सोलाणं बोलतोय. ओट्याखालच्या दुसऱ्या खणात, चमच्यांच्या शेजारी पडलेली ती पिवळी मूठ आणि दोन धारांचं पातं, तोच मी. कारखान्यात पोलादाच्या पट्टीतून मला कापलं, वाकवलं आणि मुठीत बसवलं. धार मला जन्मापासून होती; अक्कल फार उशिरा आली.

माझी मालकीण एका वसतिगृहाच्या खानावळीत स्वयंपाक करायची. सगळे तिला बाई म्हणत. खानावळीत मोठी अवजारं होती, पण घरच्या भाजीला तिला मीच लागायचो. गाजर, काकडी, बीट, सफरचंद, काहीही हाती आलं की आधी साल काढायची. तिचा हात असा की साल कागदासारखी पातळ, न तुटता एका लांब पट्टीत निघावी. त्याचा तिला अभिमान होता आणि खरं सांगायचं तर मलाही. माणसांची एक सवय मी पाहिली आहे. जे डोळ्यांना गुळगुळीत, तेच त्यांना स्वच्छ वाटतं.

तिचा नवरा घड्याळजी. दिवसभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढे स्क्रू बसवायचा. मोठा शांत माणूस. पण त्याचा थोरला भाऊ बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेला आणि तेव्हापासून याच्या मनात भीतीने घर केलं. पुढे यालाही रक्तदाब निघाला. रोज सकाळी चहानंतर एक पांढरी गोळी. ती घेताना तो असा चेहरा करायचा, जणू कुणी चारचौघांत त्याचं वय विचारलंय.

त्यांची मुलगी अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. एका रविवारी ती घरी आली तेव्हा बाई माझ्याकडून सफरचंदं सोलून घेत होती. ताटलीत सालींचा लाल ढीग पडला होता. मुलीने त्यातली एक साल उचलून तोंडात टाकली.

"अगं, कचरा काय खातेस?" बाई ओरडली.

"आई, तू ज्याला कचरा म्हणतेस ना, तेच आम्ही दिवसभर मोजत बसतो."

मग ती ओट्याला टेकून सांगायला लागली. झाडाला ऊन लागतं, कीड लागते. पळून जायला पाय नाहीत. म्हणून ते स्वतःच्या बचावासाठी रंग बनवतं, कडू-तुरट द्रव्यं बनवतं. त्यातली पुष्कळशी सालीत आणि सालीलगत असतात. वांग्याचा जांभळा रंग त्यातलाच. असं अन्न वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर हृदयाचे आणि साखरेचे जुनाट आजार टाळायला कदाचित मदत होते, असं अभ्यासात दिसतंय.

मी बाईच्या हातात गार पडलो. म्हणजे इतकी वर्षं मी इमानेइतबारे काय काढत होतो?

"म्हणजे याला आता पेन्शनीत काढू?" बाईने मला वर धरून विचारलं.

"नको गं. भोपळ्याला लागेल. बटाटा हिरवा पडला तर त्याची सालही खायची नाही, आतला हिरवा भागसुद्धा कापून टाकायचा. बाकीचं नीट घासून धू, म्हणजे झालं."

बाई सहजासहजी ऐकणारी नव्हती. "आयुष्यभर सोलून वाढलं, कुणी मेलं नाही," असं पुटपुटली आणि बोलून गेल्यावर नवऱ्याकडे बघून तिने जीभ चावली. दुसऱ्या दिवशी तिने गाजरं घासून घेतली. माझा खण उघडला नाही.

घड्याळजीने मात्र ते बोलणं गाठीला बांधलं. सफरचंद सालीसकट, काकडी सालीसकट, सकाळ-संध्याकाळ भाज्या. चेहरा खुलला, चालणं वाढलं. बाई खूश झाली. पण सकाळी चहानंतर तो पाकिटातून गोळी काढायचा आणि बायकोची पाठ वळली की माझ्याच खणात, माझ्यामागे टाकायचा. एक, दोन, दहा, वीस. मी सगळं पाहत होतो. मला तोंड असतं तर!

महिन्याभराने, दुपारच्या जेवणाआधी, तो बाईला म्हणाला, "आण इकडे, भोपळा मी सोलतो." त्याने मला हातात घेतलं. तीनचार पट्ट्या निघाल्या आणि त्याची पकड सुटली. मी फरशीवर पडलो.

"अहो, काय झालं?"

त्याला सांगायचं होतं, पण शब्द जड निघत होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. बाई किंचाळली नाही. शेजाऱ्यांना हाक मारली, गाडी आणवली आणि त्याला घेऊन गेली. अर्धा सोललेला भोपळा आणि मी, दोघं तिथेच पडून राहिलो.

तो पाच दिवसांनी परत आला. झटका अर्धांगाचा होता; वेळेवर नेलं म्हणून निभावलं, उजवा हात तेवढा अशक्त राहिला. तोवर खण आवरताना बाईला गोळ्या सापडल्या होत्या. तिने त्या वाटीत घालून त्याच्यासमोर ठेवल्या.

बातमी कळून आलेली मुलगी रडायलाच लागली. "बाबा, माझ्यामुळे झालं. मी सांगायलाच नको होतं."

"तू 'मदत' म्हणालीस, यांनी गोळीची 'माफी' ऐकली," बाई म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "काठी मिळाली म्हणून कुणी पाय काढून ठेवतं का हो?"

घड्याळजीने वाटी बोटाने जरा दूर सारली. "दादाला रोज गोळ्या घेताना बघितलं होतं," तो म्हणाला. "तरी तो गेला. मला वाटलं, गोळी म्हणजे त्याचीच वाट."

हे त्याने इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. बाई त्याच्या शेजारी बसली. तिने पाण्याचा पेला त्याच्या डाव्या हातात दिला आणि त्या दिवसाची गोळी पाकिटातून काढून पुढे केली. त्याने ती घेतली.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. गोळी चालू आहे, भाज्याही चालू आहेत. घड्याळजी थोरल्या भावापेक्षा वयाने मोठा झाला. यात गोळीचा वाटा किती, सालीचा किती आणि बाईच्या धाकाचा किती, हे मोजायचं यंत्र मुलीच्या प्रयोगशाळेतही नाही.

माझी मूठ आता सैल झाली आहे. महिन्यातून दोनदा भोपळा, एरवी आराम. तक्रार नाही. एक मागणं तेवढं आहे. माझ्यासारख्या अवजाराला 'कदाचित' कळत नाही. पातं टेकलं की वरचं निघणारच. तुम्ही माणसं आहात. कुणी जाणत्याने तुम्हाला 'कदाचित' म्हणून काही सांगितलं, तर तो शब्द सोलून टाकू नका.