पलंगाचा रिपोर्ट

तापाची साथ घरातून गेली, पण जाताना सुनेच्या छातीत काहीतरी ठेवून गेली. तान्ह्या चिमणीला कडेवर घेऊन तिसरा मजला चढताना तिचं काळीज एकदम उधळायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. कठडा घट्ट धरून ती एवढंच म्हणायची, मी पडले तर पडले, ही हातातून सुटायला नको.

घरात अकलेचा दुष्काळ नव्हता, महापूर होता. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी धडधडायला सवड होती कुणाला?" नवऱ्याने मोबाइलमधून मान न काढता निदान केलं, "टेन्शन घेतेस तू." डॉक्टर जास्त शिकलेले, म्हणून त्यांनी तेच इंग्रजीत सांगितलं. तरी ती त्यांच्या समोरच्या खुर्चीवरून उठेना, तेव्हा त्यांनी यंत्र लावून दिलं. छातीवर चिकटपट्ट्या, कमरेला डबी, दिवसभर-रात्रभर ठोक्यांची नोंद. धडधडलं की बटण दाबायचं आणि कामं रोजच्यासारखीच करायची.

शेवटचं वाक्य घराने ऐकलंच नाही. यंत्र घरात काय आलं, जणू शाळेत तपासनीस आला! नवऱ्याने लग्नानंतर पहिल्यांदा भांडी घासली आणि तीन कप फोडले. सासूबाईंनी चिमणीला मांडीवर घेतलं नि सुनेला पलंगावर बसवलं. "हलू नकोस हं. रिपोर्ट चांगला आला पाहिजे." तीही भाबडी. कित्येक दिवसांनी कुणी आयता चहा दिला होता. प्यायली आणि झोपली.

रिपोर्ट चांगला आला. न येऊन सांगतो कुणाला? चोरावर पहारा बसवायचा आणि चोराला आदल्या दिवशीच गावाला धाडायचं! नवरा तो कागद असा मिरवत होता, जणू हृदय त्यानेच दुरुस्त केलं. "बघ, म्हटलं नव्हतं?" भांडी परत तिच्याकडे आली.

आणि जिन्यात अंधारीही परत आली. ती मटकन पायरीवर बसली. चिमणी तिचा कान ओढून खिदळत होती. त्या इवल्या मुठीकडे बघत तिने ठरवलं आणि एकटीच डॉक्टरांकडे गेली.

"पुन्हा लावा."

"अहो, नॉर्मल आहे तुमचा."

"तो माझा नाही, पलंगाचा आहे."

या खेपेला नवऱ्याने आधीच उशी मांडून ठेवली होती. तिने चिमणीला सासूबाईंकडे दिलं, खाली दुकानात गेली, आणि चिमणीच्या वजनाएवढं पीठ कडेवर घेऊन जिना चढू लागली.

वरून सासूबाई ओरडल्या, "अगं चढतेस काय! रिपोर्ट बिघडेल ना!"

"बिघडू द्या," ती धापा टाकत म्हणाली. काळीज उधळलं होतं. तिने पिशवी खाली ठेवली, कठडा धरून बसली आणि बटण दाबलं.

डॉक्टरांनी नवा कागद पाहून चष्मा पुसला. "ठोके फारच वाढतात हो. तापानंतर होतं असं कधीकधी. औषध सुरू करू. पण हे आधी कसं नाही दिसलं?"

नवरा छताचा पंखा न्याहाळू लागला. सासूबाईंनी मात्र लगेच श्रेय घेतलं. "नशीब, आम्ही पुन्हा लावून घेतलं!"

परतल्यावर जिन्याच्या पहिल्या पायरीशी ती थांबली. झोपलेल्या चिमणीच्या कपाळाचा पापा घेऊन तिने तिला नवऱ्याच्या खांद्यावर अलगद ठेवलं.

"औषध लागू पडेपर्यंत तुम्ही चढवायचं हिला," ती म्हणाली. "आणि टेन्शन घेऊ नका."