पंप वाजून थांबेपर्यंत

मार्च अखेरच्या एका शनिवारी वृषालीच्या अठराही पेट्यांतल्या सगळ्या मधमाश्या मेल्या.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. महाळुंगे पडवळच्या त्या मळ्यात ते कुणी उच्चारत नाही, मग आपणच पाहुण्यासारखं जाऊन भलतं कशाला बोलायचं? तर, शनिवारची सकाळ आहे, अजून पुरतं फटफटलेलं नाही, आणि माश्या ठणठणीत आहेत.

वृषाली आणि तिचा नवरा भरत टेम्पोत मधाच्या बाटल्यांचे खोके चढवत होते. पुण्याच्या शेतकरी बाजारात सातच्या आत टेबल लावलं नाही, तर शेजारचा गूळवाला आपल्या ढेपा हातभर इकडे सरकवतो, आणि एकदा सरकलेला गूळ परत जात नाही, हा वृषालीचा अनुभव होता.

सासरे सावळाराम, म्हणजे तिचे मामा, पेट्यांपाशी होते. या धंद्याचे मूळपुरुष तेच. तीस वर्षांपूर्वी त्यांनी मधमाशीपालनाचं दहा दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं आणि त्याचं प्रमाणपत्र काच लावून देवांच्या ओळीत टांगलं होतं. त्यावर गोल शिक्का होता. मामांचा देवावरही विश्वास होता, पण देवांच्या तसबिरींवर शिक्का नव्हता, त्यामुळे थोडा फरक पडायचाच.

बांधापलीकडे भावकीतल्या गेणभाऊचे डोंगळे होते, म्हणजे बियाण्याचा कांदा, पांढऱ्या गोंड्यांवर आलेला. माश्यांना ते गोंडे आवडत. गेणभाऊला माश्या आवडत, कारण त्यांच्यामुळे बी भरे. फुलकिडे मात्र कुणालाच आवडत नसत, म्हणून अधूनमधून फवारणी. तिच्यासाठी मामांनी नियम घालून दिला होता. गेणभाऊनं आदल्या संध्याकाळी सांगायचं. उजाडायच्या आत, माश्या घरात असतानाच, पेट्यांच्या दारांत गवत कोंबायचं, वर ओली पोती टाकायची. फवारणीचा पंप वाजून थांबला की तासाभरानं दारं मोकळी करायची. या नियमानं इतकी वर्षं एक माशी दगावली नव्हती.

गेणभाऊचा निरोप शुक्रवारी आला होता.

"मामा, मी थांबू का आज?" वृषालीनं विचारलं.

"तू थांबून काय करणार? गवत मी कोंबतो, तू काय त्याला टाळ्या वाजवणार का? जा, तिकडं तो गूळवाला सरकला आसंल."

ते गेले.

बाजारात त्या दिवशी खूप गर्दी होती. अकराच्या सुमाराला एक काका आले. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, काडी मधात बुडवली आणि ओढली. शुद्ध मधात बुडवलेली काडी पेटते, असं त्यांना मोबाइलवर कळलं होतं. काडी पेटली नाही. दुसरी पेटली. मग निकाल बरोबरीत सुटला म्हणून त्यांनी लहान बाटली घेतली. त्यांच्यामागच्या बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "मध काढताना माश्यांना इजा नाही ना होत? म्हणजे मला ते फार मनाला लागतं."

"अजिबात नाही," वृषाली म्हणाली. "घरच्या माणसांसारख्या जपतो आम्ही. माझे सासरे आज दिवसभर त्यांच्याजवळ बसून आहेत."

यात एक शब्द खोटा नव्हता.

मळ्यात काय झालं ते तिला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. सहा वाजता लाइट गेली. लाइट नाही म्हणून मोटर नाही, मोटर नाही म्हणून पिंपात पाणी नाही, आणि पाणी नाही म्हणून गेणभाऊचं औषध पुडीतच राहिलं. त्यानं तासभर वाट पाहिली आणि भाचीच्या साखरपुड्याला राजुरीला निघून गेला. सावळादादाला सांगावं असं काही त्याच्या मनात आलं नाही. फवारलं असतं तर सांगण्यासारखं होतं. फवारलंच नाही, तर सांगायचं काय?

मामा बांधावरच्या बाभळीखाली पंपाची वाट बघत बसले. पंप वाजून थांबला की तासाभरानं दारं उघडायची. पंप वाजत नव्हता, त्यामुळे तो थांबतही नव्हता. फोन घरी चार्जिंगला लावलेला, बिनलाइटीचा. घरी जावं तर तेवढ्यात पंप सुरू व्हायचा. पोती वाळली तेव्हा त्यांनी माठातलं प्यायचं पाणी आणून शिंपडलं, आणि माठ संपला तेव्हा स्वतः तहानलेले बसून राहिले. दुपारी पेट्यांतून असा काही आवाज यायला लागला की बांध थरथरतो की काय असं वाटावं. मामांना वाटलं, कोंडल्या म्हणून चिडल्यात, चिडणारच. तीनच्या पुढं आवाज बसला. मामांना बरं वाटलं.

टेम्पो पाचला आला. मामा उठून सामोरे आले.

"गेण्याचा पंप अजून वाजला न्हाई बघ," ते म्हणाले. "काय झालं कोण जाणे. ह्या मातुर गुणाच्या. दुपारपासनं गप निजल्यात."

वृषालीनं पिशवी तिथंच टाकली आणि पहिल्या पेटीच्या दारातलं गवत उपसलं. आतून कुणी आलं नाही. दाराच्या फळीवरून मध मात्र आला, सावकाश, कोमट. तिनं झाकण काढलं. मेण वितळून पोळी खाली बसली होती आणि त्यात माश्या, काळ्या, ओल्या, एकीला एक चिकटून, चिवड्याच्या तळाला मसाला बसावा तशा. तिनं दुसरी उघडली. मग तिसरी. अठराव्यापर्यंत ती गेली, कारण सतराव्यापर्यंत गेलेलं माणूस अठरावी सोडत नाही.

मामा मागून येत होते. प्रत्येक पेटीत वाकून बघत होते.

"कशानं गेल्या गं?"

भरत टेम्पोमागं गेला आणि उतरवलेले रिकामे खोके पुन्हा चढवायला लागला.

वृषालीच्या तोंडून निघून गेलं, "औषधानं, मामा. वाऱ्यावर आलं आसंल."

"पंप कुठं वाजला?"

"मग रोग आसंल."

"सकाळी गवत घालताना एकेक दार बघितलंय मी. तवा हरणासारख्या व्हत्या. रोग काय दुपारच्या एस्टीनं आला का?"

"वय झालं आसंल," टेम्पोमागून भरत म्हणाला.

मामांनी मुलाकडे पाहिलं. मग सुनेकडे. ती गवताचा बोळा मुठीत धरून उभी होती. त्यांनी त्या मुठीकडे पाहिलं, आणि पुढं काही विचारलं नाही. त्यांच्या न विचारण्याचं वृषालीला फार वाईट वाटलं. तीस वर्षं ज्यानं माशीला मधाचा मोबदला म्हणून पावसाळ्यात साखरेचं पाणी पाजलं, हिवाळ्यात पेट्यांवर स्वतःचं घोंगडं घातलं आणि स्वतः चादरीत काकडला, त्या माणसाला हे कळता कामा नये, एवढंच तिनं तिथं ठरवलं. बाकी माश्या पुन्हा आणता येतात.

त्या संध्याकाळपासून मामांनी दारं लावणं सोडलं.

आधी लक्षात आलं नाही. मग घराचं दार उघडं, गोठ्याचं उघडं, कपाट उघडं, टेम्पोची मागची फळी पडलेली, डब्यांची झाकणं बाजूला. मुंग्यांनी साखर नेली. वृषाली कडी घालून वळायची, तोवर मामा उठून कडी काढायचे. आजूबाजूला ऊस, उसात बिबट्या. दिवेलागणीला अख्खं गाव कडीकोयंड्यात जातं, आणि यांच्या घराची दारं मंगल कार्यालयासारखी सताड.

"मामा, आवो जनावर आत येईल."

"येऊ दे."

"लावते मी दार."

"नगं," मामा म्हणाले. "आत कोन आसलं तर?"

वृषालीनं कडीवरचा हात काढला. ती आणि भरत पाळीपाळीनं जागू लागले. बिबट्या मात्र आला नाही. पहिले काही दिवस तो बहुधा संशयानं लांबूनच बघत असावा.

आठव्या दिवशी गेणभाऊ आला. उंबऱ्याबाहेर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"माझ्यावर घाला," तो वृषालीला हळू म्हणाला. "फवारलं म्हणतो. चोरून फवारलं म्हणतो."

"कशानं फवारलं? पंप न्हाई वाजला. त्यांनी दिवसभर त्याच्याकडंच कान लावला व्हता."

"ते बी खरं." गेणभाऊनं मळ काढल्यासारखी टोपी चोळली. "मग बिबट्या म्हणा."

"बिबट्यानं माश्या मारल्या?"

"मारल्या न्हाई. बिबट्या नुसता पेट्यांजवळनं गेला. ह्या भ्यानं मेल्या. माणूस मरतं भ्यानं, तर एवढी एवढी माशी मरायला काय हरकत हाय? गावात दुसरं कायबी झालं तर लोक पुरावा मागतात. बिबट्या म्हणलं की पटतंच."

मामा आत बसले होते. दार उघडंच असल्यामुळे त्यांना सगळं ऐकू गेलं, निदान शेवटचं. ते बाहेर आले.

"दिवसाढवळ्या आला व्हता?"

"तर काय," गेणभाऊ म्हणाला.

"मी तितं बसलो व्हतो. मला कसा दिसला न्हाई?"

गेणभाऊ गडबडला. वृषाली म्हणाली, "तुमचा डोळा लागला आसंल, मामा. पहाटं उठला व्हता."

मामांनी बांधाकडे पाहिलं. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरासा सैल झाला.

"लागला आसंल," ते म्हणाले. मग लगेच, "पर मग कागद येईल. गोजरबाईची शेळी बिबट्यानं नेली तवा आला व्हता. गोल शिक्क्याचा. कागद आला म्हंजे बिबट्याच."

आणि ते उंबऱ्यात बसले, कागदाची वाट बघत, ज्या चिकाटीनं त्यांनी पंपाची पाहिली होती.

वृषालीनं वनखात्याला रीतसर कळवलं आणि एक तरुण वनरक्षक आला. त्यानं पेट्यांभोवती फिरून ठसे पाहिले.

"हे कुत्र्याचे आहेत, ताई."

"त्याच्याशेजारी बिबट्याचे व्हते. पुसले गेले."

"आणि दात कुठं लागलेत?"

"भ्यानं मेल्यात."

त्यानं वहीतला नमुना काढून दाखवला. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी. "ह्यात माशी कुठं बसवू मी? नग किती ते लिहावं लागतं."

"मोजून देते," वृषाली म्हणाली, आणि ती खरंच मोजायला बसेल असं त्याला तिच्या तोंडावर दिसलं.

"ताई, भरपाई मिळणार नाही हो."

"भरपाई कोन मागतंय? मला फकस्त कागद पायजे. कारण बिबट्या. एवढंच."

वनरक्षकानं तिच्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं. उंबऱ्यात एक म्हातारा ताठ बसला होता. त्याच्यामागं घराचं दार उघडं, त्याच्यामागं परसदार उघडं, आणि दोन्हींतून आरपार उसाचं रान दिसत होतं. म्हातारा वनरक्षकाच्या हातातल्या वहीकडं बघत होता. वनरक्षकानं वही मिटली. ती मिटताच म्हातारा दचकला, म्हणून त्यानं ती पुन्हा उघडली आणि तशीच धरून ठेवली.

"अर्ज लिहा," तो हळू म्हणाला. "मी वर पाठवतो. मंजूर नाही होणार. पण पाठवतो."

वृषालीनं त्याच दुपारी लिहिला तो असा:

प्रति, मा. वनपरिक्षेत्र अधिकारी साहेब, यांच्या सेवेशी.

विषय: मधमाश्यांच्या मृत्यूचे कारण बिबट्या असे नोंदवून मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयी अर्ज करते की, मौजे महाळुंगे पडवळ येथील आमच्या अठरा पेट्यांतील सर्व मधमाश्या बिबट्याच्या भीतीने मयत झाल्या आहेत. नग मोजणीचे काम चालू आहे. सदर बिबट्याबद्दल आमची कोणतीही तक्रार नाही. नुकसानभरपाई नको, पिंजराही नको. तरी मृत्यूचे कारण बिबट्या असल्याचा दाखला, गोल शिक्क्यासह व ठळक अक्षरात, माझे सासरे श्री. सावळाराम यांच्या हाती समक्ष देण्यात यावा. बिबट्या लिहिणे नियमात बसत नसल्यास आपल्या अखत्यारीतील कोणतेही जनावर लिहावे, माणूस लिहू नये. त्या दिवशी दुपारी श्री. सावळाराम यांचा डोळा लागला होता, असेही त्यात नमूद व्हावे.

तसेच, दाखला मिळेपर्यंत आमच्या घराची व गोठ्याची दारे रात्रंदिवस उघडी राहणार असल्याने, तोपर्यंत परिसरातील सर्व बिबट्यांनी आत येऊ नये, असे त्यांना आपल्या स्तरावरून लेखी कळविण्यात यावे, ही नम्र विनंती.