बाटलीतल्या गारा

मी सुगंधा. फाटक्या तोंडाची, हे सिंदेवाहीकडच्या आमच्या साऱ्या गावाले ठाऊक आहे. पण शेजारच्या वच्छलेले चोर म्हटलं, ते नुसतं तोंडानं नाई. मनातून म्हटलं.

स्वराज्य आल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्याकडे गारा पडल्या. बोराएवढ्या! माह्या नवऱ्यानं धोतराचा सोगा पसरून अंगणातून वेचल्या, पितळी गंजात टाकल्या. हात लालभडक झाले तरी हसत होता. पाहता पाहता गारांचं पाणी झालं. ते त्यानं निळ्या बाटलीत भरलं, चिंधीचं बूच मारलं अन् देवळीत ठेवलं. भाजलं-पोळलं तर आमच्याकडे हेच पाणी लावतात. पहिली निवडणूक झाली त्या साली माहा बुढा गेला. लेकरूबाळ नाई. त्याच्या हातचं घरात तेवढंच राह्यलं.

वच्छलाही एकटीच. रोज सकाळी आपली चूल पेटवायले माह्या चुलीतला इस्तू न्यायले यायची अन् बसली की उठायची नाई. मले 'बाई' म्हणायची, मोठ्या बहिणीले म्हणतात तसं. मी कटकट करायची, पण तिले उशीर झाला तर माह्या जिवाले चैन नाई पडायची.

बाटलीवर मी चुन्याची रेघ ओढली होती. एका वैशाखात पाहते, तं पाणी रेघेच्या दोन बोटं खाली! माह्या घरात दुसरं कोण येत होतं? तलावाच्या घाटावर, साऱ्या बायांसमोर मी तिले धरलं.

"मागितलं असतं तं दिलं नसतं काय वं? चोरून काऊन नेलं?"

"बाई, मी हात नाई लावला," ती म्हणाली. गगरी अर्धीच भरून निघून गेली.

त्या दिवसापासून ती माह्या दारात आली नाई. घाटावर ती दिसली की बाया आपापल्या वस्तू जवळ ओढायच्या, अन् मले बरं वाटायचं. खोटं काऊन सांगू?

मी नवी रेघ ओढली, बाटली पेटीत घातली, कुलूप लावलं, किल्ली कमरेले खोसली. दोन वर्सं गेली. सणाले कोणी नाई, ताप आला तरी विचारणारं कोणी नाई. चुलीसंगच बडबडत राह्यली. या वैशाखात पेटी उघडली, तं बाटलीच्या बुडाशी जरासं पाणी.

"ओ माय वं!" मी सारी पेटी चाचपली. पेटीत ओल नाई, किल्ली माह्यापाशी. दारातून अर्धा आटलेला तलाव दिसत होता. आमी तलावावर जगणारी माणसं. ऊन तलाव पिते, त्या वाफेचा ढग होते, ढग पुन्हा वरून पडते, हे मले लहानपणापासून ठाऊक. तलाव चोरला असं कोणी म्हणत नाई. मंग चिंधीच्या बुचातून वाफ जात नसन काय? पण ते बुढ्याचं पाणी होतं, म्हणून मी त्याले वेगळं समजली.

तशीच घाटावर जाऊन बायांले सांगितलं. त्यातली आशाबाई हसली. "बुचाच्या बाटलीतून पाणी उडते? वच्छलेनं दुसरी किल्ली केली असन." बाकीच्यांनीही माना हलवल्या. चोरी माह्या एका बोलानं पटली होती. खरं मात्र कोणाले पटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पितळी थाळी घेऊन घाटाच्या दगडावर बसली. उरलेलं सारं पाणी त्यात ओतलं.

"पाहा वं साऱ्याजणी," म्हटलं. "कोणी हात लावत नाई. मीही नाई."

बाया येत गेल्या, थांबत गेल्या. पाणी काठापासून आत आत सरकत गेलं. दुपारी चमचाभरही नव्हतं, मंग थेंबही नाई. आशाबाईनं तापल्या थाळीत बोट फिरवून पाहिलं, कोरडं बोट साऱ्याजणींले दाखवलं अन् गगरी उचलली.

बुढ्याचं आता काहीच उरलं नव्हतं. मी सगळ्यांसमोर रडली.

वच्छला मागे उभी होती, कधीची कोण जाणे. मी म्हटलं, "मी खोटी वं. माफ कर मले."

तिनं थाळी उचलली, कोरडीच पदरानं पुसली, माह्या मांडीवर ठेवली. "घरी जा, सुगंधाबाई," ती म्हणाली. "ऊन लागन." सारं गाव म्हणते तसं, सुगंधाबाई. अन् आपल्या वाटेनं गेली.

तिची वाट माह्या दारावरूनच जाते. मी रोज सकाळी दार उघडं ठेवते अन् चुलीत इस्तू राखेखाली झाकून ठेवते. अजून मागायले आली नाई.