अर्धा शब्द पुढे

रेकॉर्डिस्ट बाईंनी एकेक करून सगळी वाद्यं बंद केली. खोलीत नुसता भिंगरीचा रेकॉर्ड केलेला आवाज उरला. श्वास घ्यायला तो थांबला, आणि हौदाच्या तळाचा दगड दिसावा तसा त्या फटीतून दुसराच आवाज वर आला. पुढच्या ओळीचा पहिला शब्द. मग भिंगरीनं तो उचलला.

"ऐकलंस?"

खुर्चीत बसलेल्या भिंगरीनं मान हलवली. रॅप करताना जिभेला उसंत नसते म्हणून लोकांनी त्याला हे नाव दिलं होतं.

समोर वर्तमानपत्राची घडी पडली होती. त्याच्या नव्या अल्बमबद्दल समीक्षकानं लिहिलं होतं, 'शब्द कसदार आहेत, पण रॅपर एकटा नाही. कुणीतरी सतत त्याच्या अर्धा शब्द पुढे चालतं. याला भुताटकी म्हणावं की ढिसाळ काम? शेवटच्या गाण्यात मात्र ते कुणी नाही, आणि नेमका तिथेच हा धावत सुटतो, धापा टाकतो.' तेव्हापासून मोबाइलवर थट्टेला ऊत आला होता. भिंगरीची दोरी भलत्याच्याच हातात, असं कुणीतरी लिहिलं होतं.

"तुझ्या हेडफोनमधून गळलाय तो," बाई म्हणाल्या. "एक कान उघडा टाकून म्हणायची खोड तुझी. तुझ्या दादाचं कच्चं रेकॉर्डिंग ऐकत म्हणत होतास, ते माइकनं पकडलं. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग पुसलं का नाही?"

बाईंनी चष्मा काढला, पदरानं काचा पुसत राहिल्या. दादाही याच खुर्चीत बसायचा; पाय वर घेऊन, दटावलं तरी.

"हात धजावला नाही. पण आता कंपनीला साफ केलेला अल्बम हवाय. उद्या नेटवरून हा काढून तो चढवणार."

"पुसा. लोक हसतायत."

"विचार कर. त्याचं वेगळं रेकॉर्डिंग आहे तुझ्याकडे. दोघं एकत्र आहात ते फक्त यात."

"पुसा म्हटलं ना, बाई."

तो घरी आला तेव्हा आई स्वयंपाकघरात शेंगांच्या शिरा काढत बसली होती. मोबाइल डब्याला टेकवून ठेवलेला, त्यावर अल्बमच लावलेला. दादा गेल्यापासून घरात असं काही वाजत नव्हतं; हा अल्बम आला आणि रोज दुपारी वाजू लागला. शेवटचं गाणं सुरू झालं, तसे तिचे हात थांबले.

"यात का नाही रे तो?"

"कोण?"

"कोण म्हणे! पोटात वागवलाय मी त्याला. पहिल्या गाण्यापासून तुझ्या पुढेपुढे करतोय. शाळेत जाताना तरी काय वेगळं होतं? तो पुढे, आणि तू त्याच्या दप्तराचा पट्टा धरून मागे."

भिंगरी तिच्यासमोर जमिनीवर बसला. एक शेंग उचलून नुसतीच मोडली.

"हे त्यानं म्हटलंच नव्हतं, आई. लिहून झालं होतं फक्त. म्हणायचं राहिलं."

"म्हणून असा पळतोयस होय? कुत्रं मागे लागल्यासारखा."

"पुढे कुणी नसलं की सुचत नाही काही."

आईनं त्याच्या हातातले शेंगेचे तुकडे काढून घेतले. दाणे वेगळे केले, वाटीत टाकले.

"मग हळू म्हण. ओळ संपली की थांबत जा जरा. आता त्याला मागून यायचंय."

तो उठून गॅलरीत गेला. बाईंना फोन लावला.

"पुसायला घेतलंत का?"

"नाही अजून. चहा घेतेय. दोनदा घेतला."

"पुसू नका. कंपनीशी मी बोलतो. आणि शेवटचं गाणं उद्या परत म्हणतो."

"कानात काय सोडू?"

"काही नको. फक्त ओळींच्या मध्ये जागा ठेवू या."

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "ये."

तो आत वळला. आईनं तेच गाणं पुन्हा लावलं होतं. पहिली ओळ संपली, आणि तिनं ओल्या बोटानं ते थांबवलं. दाराकडे पाहत राहिली. दारात भिंगरी होता, पण ती त्याच्या खांद्यावरून मागे पाहत होती.

मग तिनं गाणं पुढे सोडलं.