अर्ध्या गोधडीखालचा कॉम्प्युटर

मित्रांनो, वाटूर फाट्याजवळच्या गावातल्या एका बंद दुकानात, अर्धवट शिवलेल्या गोधडीखाली झाकलेला मी एक जुना कॉम्प्युटर आहे. माझ्या कीबोर्डवरची बरीच अक्षरं बोटांनी पुसून गेली आहेत. आता मला कुणी चालू करत नाही. पण माझ्यासमोर जे घडलं ते सांगितल्याशिवाय मला भंगारात जायचं नाही.

२००२ साली गावात इंटरनेटचं दुकान टाकायला कडूबाने मला आणि आणखी दोन कॉम्प्युटरांना जालन्याहून जीपमधून आणलं. रस्त्याने हादरे बसू नयेत म्हणून त्याची बायको सगुणाबाई माझा पडदा मांडीवर धरून बसली होती. दुकानात आम्हाला कसं मांडायचं हेही तिनेच ठरवलं.

"यांची तोंडं दाराकडं करा. पोरं काय बघून राह्यलीत ते दिसलं पाहिजे."

कडूबा हसला. "तुला वाचता कुठं येतं?"

"न्हाई येत. मंग काय झालं? पोरांनाच विचारीन."

आणि ती खरंच विचारायची. पोरांच्या मागे पोतं टाकून गोधडी शिवत बसायची आणि मधेच म्हणायची, "काय लिहून राह्यली गं? मला वाचून दाखव." मोठी पोरं वैतागायची. "मावशी, तुमची गोधडी शिवा, आमचं नका उसवू!" त्यावर ती म्हणायची, "उसवलं तर मलाच शिवावं लागंल, बाबा."

ते माझे चांगले दिवस होते. दहावीचा निकाल लागला की फाट्यापर्यंत रांग लागायची. माझ्यावर फुलं वाहिली जायची.

२००६ च्या हिवाळ्यात सगुणाबाई पंधरा दिवस आजारी पडली आणि गेली. गोधडी अर्धी राहिली. सुई तिच्यातच टोचलेली होती. कडूबाने ती काढली नाही.

तेराव्यानंतर त्याने दुकान उघडलं, पण तो रस्त्याकडे तोंड करून बसू लागला. मागे ते पोतं रिकामं होतं, तिकडे त्याला बघवत नव्हतं. मोठी पोरं म्हणाली, "काका, जालन्यात प्रत्येकाला वेगळी खोली असते." कडूबा म्हणाला, "लावा काय लावायचं ते." मग आमची तोंडं भिंतीकडे वळली, आमच्यामध्ये प्लायवूड उभं राहिलं आणि पुढे पडदे लागले.

गावातल्या मच्छिंद्रची मुलगी बेबीनंदा नववीत होती. शाळेच्या प्रकल्पासाठी ती यायची. एक दिवस तिने मैत्रिणीकडून ऐकलेलं गप्पा मारायचं पान उघडलं. अनोळखी माणसाने पहिलंच वाक्य लिहिलं, "कुणाची गं तू?"

मित्रांनो, आपल्या गावात मोठ्या माणसाने असं विचारलं की लेकराने नीट सांगायचं असतं. आपलं नाव, बापाचं नाव, गाव, गल्ली. न सांगणारं लेकरू उद्धट ठरतं. बेबीनंदाला तसंच वळण होतं. तिने सगळं सांगितलं. शाळा कोणती आणि सुटते किती वाजता, तेही सांगितलं. तो म्हणाला, मी तुझ्या मावशीच्या गावचा. तिला खरं वाटलं.

महिन्याभराने त्याची भाषा बदलली. शनिवारी शाळा सुटल्यावर फाट्यावर ये. न आलीस तर तुझ्या बापाला सांगेन, तू परक्या माणसाशी बोलतेस म्हणून.

मला सगळं दिसत होतं, पण मला हाक मारता येत नाही. ती पडदा सारून बाहेर गेली आणि कडूबापाशी उभी राहिली.

"काका..."

"काय गं?" त्याने वळून पाहिलं नाही.

"काई न्हाई."

"बरं, जा मंग."

पुढचं मी कडूबाच्याच तोंडून ऐकलं. शनिवारी ती फाट्यावर गेली. एक माणूस मोटरसायकल लावून उभा होता, तिला बसायला सांगत होता. पेरू विकणाऱ्या सोनूबाईने पोरीचं रडवेलं तोंड पाहिलं. टोपली सोडून तिने तिचा हात धरला आणि विचारलं, "कुणाची गं तू? हा कोण तुझा?" बेबीनंदाला बोलता येईना. ती रडू लागली. सोनूबाईने आरडाओरडा केला. माणसं जमायच्या आत तो पळाला.

पोरगी वाचली. पण मच्छिंद्रने तिची शाळा बंद केली.

कडूबा त्याच्या घरी गेला. "चूक माझी हाये, दादा. तिची न्हाई. ती मला सांगायला आल्ती." मच्छिंद्र एवढंच म्हणाला, "तू घरी जा." दुसऱ्या सकाळी कडूबाने स्वतःच्या हाताने प्लायवूड उखडलं, आमची तोंडं पुन्हा दाराकडे केली. पण कुणी लेकरू आलं नाही. शेवटी त्याने माझ्यावर ही गोधडी टाकली आणि कुलूप लावलं. जूनमध्ये शाळेची घंटा झाली तेव्हा बेबीनंदा दारावरून गेली नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्याच्या आत बसलेल्या माणसाचा चेहरा तुम्हाला दिसत नाही. तिथे त्याने "कुणाची तू" विचारलं तर सांगू नका. त्याने उद्धट म्हटलं तरी चालेल. त्याने धमकी दिली तर घरच्या माणसाला सांगा, आणि तिथे कुणी ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा.

आणि मोठ्यांनो, सांगायला आलेल्या लेकराची शाळा बंद करू नका. लेकरू जवळ येऊन "काई न्हाई" म्हणालं, तर हातातलं काम ठेवा, मागे वळा आणि पुन्हा एकदा विचारा. कडूबा अजून रोज सकाळी कुलूप उघडतो, त्या पोत्यावर बसतो आणि रिकाम्या खुर्चीला विचारतो, "काय झालं गं, बाळा?"