उशिरा वळणारी गाडी

कृष्णस्वामी रावांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. पडद्यावरची लाल गाडी सरळच गेली. वळण आलं, भिंत आली, गाडी भिंतीवर आदळली, आणि सगळं होऊन गेल्यावर मोठ्या आज्ञाधारकपणे डावीकडे वळली.

"बघितलंस, कनका? डोकं सांगतं, पण हात ऐकत नाही. आणि ऐकतो तेव्हा ऐकून उपयोग राहत नाही."

मागे खाटेवर कनकाबाई शेवग्याचा पाला निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं तर आपल्याच डोळ्यांत पाणी येईल, हे त्यांना ठाऊक होतं.

पोंगलनंतर राव एका सकाळी अंघोळीच्या मोरीतच कोसळले होते. उजवी बाजू गेली. देवाच्या कृपेनं बोलणं परत आलं, पाऊलही परत आलं. हात मात्र अडून बसला. आणि तो हात म्हणजे रावांचं सर्वस्व. गिंडीच्या एका लहानशा कारखान्यात टूलरूम सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला. कापलेल्या लोखंडावरून बोट फिरवून, कुठे केसभर जास्त राहिलंय ते सांगायचे. आता त्याच बोटांना सदऱ्याचं बटण सापडत नव्हतं.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या सुनीतीनं सांगितलं होतं, डोळ्यांनी बघायचं आणि त्यासरशी हात हलवायचा, असं काहीतरी रोज करा. म्हणून त्यांची मुलगी श्रीनिधी खेळण्यातलं स्टिअरिंग घेऊन आली, टेबलाला आवळून बसवलं, आणि घरातल्या कंप्युटरवर गाडीचा खेळ घातला. पहिले काही दिवस राव लहान पोरासारखे हरखून खेळले. मग गाडी अडखळायला लागली. कधी लगेच वळे, कधी उशिरा, कधी वळतच नसे. रावांनी मनाशी निकाल लावून टाकला, हात गेला. पिळायचा रबरी चेंडू त्यांनी उशीखाली सारला. सुनीती आली की "आज नको, दमलोय" म्हणून भिंतीकडे तोंड करून निजायला लागले.

त्या रविवारी श्रीनिधी पेरुंगुडीहून आली. तिचं ऑफिस तिकडंच, ऑफिसजवळच खोली, त्यामुळे येणं कमीच. चपला काढते आहे तोच राव म्हणाले,

"हे स्टिअरिंग सोडव आणि घेऊन जा. कुणा पोराला दे. खेळेल तरी."

"काय झालं, अप्पा?"

"व्हायचं ते होऊन गेलं."

श्रीनिधी खुर्ची ओढून बसली आणि स्वतः खेळायला लागली. दुसऱ्याच वळणाला तिची गाडी भिंतीत घुसली.

"बघा! मीपण धडकले. हे मशीनच मंद झालंय."

"तू?" राव कितीतरी दिवसांनी हसले. "लायसन्सच्या परीक्षेत तू त्या बिचाऱ्या इन्स्पेक्टराच्या जीपला काय केलंस ते विसरलीस? तुझ्या धडकण्याला कोण पुरावा मानणार?"

श्रीनिधीनं खेळात कुठलासा आकडा चालू केला. तो पडद्याच्या कोपऱ्यात चमकू लागला, कधी आठ, कधी पाच. "एका सेकंदात इतकीच चित्रं दाखवतंय हे, अप्पा. निदान तीस तरी पाहिजेत. तुम्ही हात फिरवता ते याला कळतं, पण दाखवायला सवड होत नाही."

"सरी, सरी, बरं बाई," राव म्हणाले. "आजाऱ्याची समजूत घालायला नवनवीन आकडे निघालेत." आणि त्यांनी डोळे मिटले.

कनकाबाईंनी लेकीला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं.

"खरं सांग. दोष मशीनचा आहे?"

"बराचसा. उघडून बघते, साफ करते. तासाभराचं काम."

कनकाबाईंचा चेहरा उजळला. पण कुकरची शिट्टी होईस्तो पुन्हा उतरला. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "नको करूस."

"काय?"

"नको गं नीट करूस. असंच राहू दे."

"अम्मा, काय बोलतेस?"

"मशीन वाईट आहे तोवर मला म्हणता येतं, हात चांगला असेल. तू मशीन चांगलं केलंस आणि तरी गाडी भिंतीवर गेली, तर मग मी काय म्हणू? देवापुढे बसून रोज काय मागू?"

श्रीनिधीनं हळूच आईच्या बोटाचा पदर सोडवला. "तू आशा धरून बसलीयस, अम्मा. पण त्यांनी केव्हाच सोडली. चेंडू उशीखाली गेलाय. ती तुझी आशा त्यांच्या काय कामाची?"

कनकाबाईंनी गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "कर. पण मी आतच बसते."

श्रीनिधीनं कंप्युटरच्या डब्याचं झाकण काढलं आणि तिला शिंकांवर शिंका आल्या. देवघर बाजूलाच. रोज सकाळ-संध्याकाळ सांब्राणी धुपाचा धूर व्हायचा, त्याची राख आणि काजळी आतल्या पंख्याच्या पात्यांवर थरावर थर बसली होती. वरून कनकाबाईंनी भक्तीनं जरीकाठी कापडाचा चौकोन पांघरलेला. सरस्वतीपूजेला पुस्तकांच्या शेजारी याचीही पूजा होते, मग उघडा कसा ठेवायचा!

"अप्पा, बघा तरी, पंख्याला लोकर फुटलीय."

रावांनी एक डोळा उघडला. लेकीनं स्क्रू ड्रायव्हर कसा धरलाय ते दिसलं आणि त्यांच्यातला टूलरूमवाला गप्प राहू शकला नाही. "अगे, तिरका का धरतेस! डोकं खाशील त्या स्क्रूचं. आणि फुंकर मारू नकोस, थुंकी जाते आत. रंगाचा ब्रश आण, कोरडा." ते उठून जवळ आले, खुर्चीवर बसले. "हवा कोंडली की मशीन तापणार. तापलं की सुस्तावणार. लेथवर पाणी सोडतो ते काय हौस म्हणून?"

धूळ गेली. पंखा गुणगुणायला लागला. जरीचा चौकोन घडी होऊन कपाटात गेला. श्रीनिधीनं खेळातल्या सावल्या काढून टाकल्या, कडेची झाडं विरळ केली. रावांना ते पटलं नाही. "सावलीची झाडं तोडून रस्ता करायचा, हे आपल्या कॉर्पोरेशनसारखंच झालं," ते म्हणाले. एवढं करून आकडा वाढला, पण थोडासाच. गाडी अजून अडखळतच होती.

श्रीनिधीनं मग पडद्यामागे काय काय चालू आहे त्याची यादी उघडली, आणि तिथंच थांबली.

"अम्मा! बाहेर ये."

"काय झालं?"

"ही चार कीर्तनं कोण बघतंय?"

कनकाबाई दारात आल्या. गजेंद्रमोक्ष, सीताकल्याण, ध्रुवचरित्र, रुक्मिणीस्वयंवर. सगळी तंजावरच्या सुंदरीबाईंची, सभेत चित्रित केलेली. भाच्यानं तबकड्यांवरून कंप्युटरमध्ये उतरवून दिली होती. रोज सकाळी कनकाबाई एक लावायच्या. साकी व्हायची, दिंडी व्हायची, झांजेचा ठेका असा धरला जायचा की हातातलं वाटण थांबायचं. तेवढ्यात रावांच्या खेळाची वेळ व्हायची.

"मग तू बंद करत नाहीस?" श्रीनिधीनं विचारलं.

"कथा अर्ध्यावर बंद करतात? मंगलम् झाल्याशिवाय?" कनकाबाई दचकून म्हणाल्या. "गजेंद्राचा पाय मगरीच्या तोंडात आहे, देव अजून वैकुंठातून निघायचाय, आणि मी बटण दाबू? मी आपला आवाज मिटवते आणि ते खाली सारून ठेवते. आपण नाही ऐकलं तरी देव ऐकतो की."

"पण हे संपत का नाही? आज सकाळचं एकच असायला हवं."

श्रीनिधीनं नीट बघितलं. चारही कीर्तनं संपली की आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावीत, असं बटण कधीतरी दाबलं गेलं होतं. कंप्युटरही कधी बंद व्हायचा नाही, कनकाबाई नुसता पडदा मालवायच्या. आठवडाभर गजेंद्र पाण्यात उतरत होता आणि बाहेर येत होता. शेजारी रुक्मिणी पत्र लिहीत होती. आणि या सगळ्यांच्या वाटणीतून उरेल तेवढ्यात रावांची लाल गाडी धावायची.

कनकाबाई मटकन खाटेवर बसल्या. "म्हणजे मीच... अहो, तुमचा हात मी..."

"तू नाही," राव म्हणाले. त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते. "देवांनी. चार-चार देव रस्त्यावर उभे, गाडी कशी पुढे जाणार?"

"बंद करू?" श्रीनिधीनं विचारलं.

"मंगलम् झाल्याशिवाय नाही!" बोलले ते राव. कनकाबाई बघतच राहिल्या. या बाबतीत जन्मभर टिंगल करणारा हा माणूस.

तेव्हा श्रीनिधीनं तोड काढली. खालची पट्टी धरून एकेक कीर्तन शेवटाशी नेऊन ठेवायचं, मंगलम् होऊ द्यायचं, मग मिटायचं. मधली कथा देवाला पाठ आहे. कनकाबाईंनी क्षणभर विचार केला आणि कापूर आणायला उठल्या.

भर सकाळी त्या घरात चार मंगलम् झाली. दर वेळी सुंदरीबाईंचा आवाज वर चढे, सभा उभी राहिल्याची खुर्च्यांची खडखड ऐकू येई, आणि ही तिघंही उभी राहत. ध्रुवाच्या मंगलम्‌ला कनकाबाईंची नजर सहज बाजूला गेली. रावांचा डावा हात छातीशी आला होता. उजवा मांडीपाशी लोंबत होता. मग तो आपणहून उचलला गेला, हळूहळू वर आला, आणि डाव्याला येऊन टेकला. रावांचं लक्षही नव्हतं. डोळे मिटलेले होते. कनकाबाईंनी चटकन नजर काढून घेतली. पुन्हा बघितलं तर दृष्ट लागेल.

चौथी खिडकी मिटली आणि कोपऱ्यातला आकडा तिसाच्या पुढे गेला.

"बसा, अप्पा," श्रीनिधी म्हणाली.

कनकाबाई स्वयंपाकघरात जाणार होत्या. गेल्या नाहीत.

रावांनी आधी सरळ रस्त्यावरच गाडी जराशी डावीकडे, जराशी उजवीकडे हलवून बघितली. नव्या मशीनचा आटा ढिला आहे का, ते बघावं तशी. हात हलला की गाडी हलत होती. त्यांच्या भुवया वर गेल्या. मग त्यांनी वेग घेतला. वळण आलं. हात फिरला, गाडी हातासरशी वळली, आणि रस्ता सोडून गवतात गेली.

कनकाबाईंनी खाटेचा दांडा धरला.

"हं," राव म्हणाले. गाडी मागे घेतली. पुन्हा वळण. पुन्हा गवत.

"श्रीनिधी, आता मशीन बरोबर आहे?"

"हो."

"मग हा उशीर माझाच ना?"

श्रीनिधीनं आईकडे बघितलं. आईच्या डोळ्यांत 'खोटं बोल' असं स्पष्ट दिसत होतं.

"तुमचाच, अप्पा."

रावांनी स्टिअरिंगवरच्या आपल्या हाताकडे बघितलं. मग पुन्हा गाडी काढली. पुन्हा गवतात गेली. पुन्हा काढली. आता ते गाडीकडे नाही, रस्त्याकडेच्या दिव्याच्या खांबांकडे बघत होते.

"या खांबापाशी मी मनात आणतो," ते हळूहळू म्हणाले, "आणि पुढचा खांब यायच्या जरा आधी हात फिरतो. परत तसंच. आणि परत तसंच." ते वळले. त्यांचा चेहरा कनकाबाईंनी कित्येक महिन्यांत असा बघितला नव्हता. "अगे, रोज तेवढंच चुकणारं मशीन मी वीस वर्षं चालवलंय. तेवढं धरून काम करायचं. जे कधी एवढं, कधी तेवढं चुकतं, ते भंगारात. इतके दिवस वाटत होतं की मी भंगारातला. हा तर मोजून चुकतोय!"

"म्हणजे... चांगलं की वाईट?" कनकाबाईंनी विचारलं.

"म्हणजे तू इकडे ये. बैस शेजारी. वळणाच्या आधीचा खांब आला की मला सांग. मी एकाच वेळी खांबाकडे आणि वळणाकडे बघू शकत नाही."

"मी? मला गाडीतलं काय कळतं?"

"खांब दिसतो ना?"

"दिसतो."

"मग झालं. कीर्तनात पल्लवी कधी उचलायची ते तुला न सांगता कळतं, तसंच हे."

कनकाबाई पदर सावरून शेजारी बसल्या. गाडी निघाली. खांब आला.

"आत्ता!"

हात उशिरा आला आणि नेमक्या वेळेला पोचला. लाल गाडी वळणाला लागून, पांढऱ्या रेघेला चाटून, पलीकडे निघून गेली. श्रीनिधीनं टाळी वाजवली. पुढचं वळण, "आत्ता!", तेही पार. त्याच्या पुढचं.

मग एका वळणाला कुणी काही म्हणालंच नाही आणि गाडी थेट गवतात.

"अगे कनका! सांगितलं का नाहीस? कुठे बघत होतीस?"

कनकाबाई त्यांच्या हाताकडे बघत होत्या.

"रस्त्याकडे बघ, रस्त्याकडे," राव म्हणाले, आणि त्यांनी गाडी मागे घेतली. "चल, पुन्हा."