राहणार मांडवी बंदर

सगुणेची शेळी दुपारच्या भरतीला मुंबईला निघाली होती. मुंबईला गेलेली माणसं परत येत नाहीत, तिथं शेळी कुठली यायला!

धोंडू तांडेलानं ती सकाळी बंदरावरून सोडून नेली आणि आपल्या मचव्यावर आंब्याच्या पेट्यांमागे बांधली. सगुणा ओरडत गेली, तर म्हणाला, "बिनमालकाचं जनावर हाय. तुजी म्हणतेस, तर पोलीस घेऊन ये."

नवरा समुद्रात बुडाला, दिरानं घराबाहेर काढलं, तेव्हापासून तीन वर्षं ती मांडवी बंदरावर मिठाच्या वखारीमागं निजत होती. शेळीचं दूध चहाच्या दुकानात घालायचं आणि त्यावर पोट भरायचं. शेळी गेली की उरली भीक. म्हणून ती तशीच धावत चौकीत गेली.

हवालदारानं वही उघडली. "नाव?"

"सगुणा."

"राहणार?"

"बंदरावर."

टाक थांबला. "बंदरावर बोटी राहतात. घर कुठं? आळी कुठली?"

"घर नाय, हवालदारानू. वखारीच्या मागं निजतंय."

"मग रपोट लिहू कसा? 'राहणार' रिकामं ठेवलं तर साहेब माझी हजेरी घेतील. जा, कुणाचा तरी पत्ता घेऊन ये."

सरकारचा न्याय हा असा. आधी घर दाखवा, मग चोरी सांगा. ज्याला घरच नाही त्याचं चोरीला जाणार काय, असाही हिशेब असेल. सगुणा दारातच बसून राहिली. "पानी चढतंय वो. मचवा सुटंल," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

इतक्यात कोर्टातले नाझर आप्पासाहेब आले. त्यांची चांदीच्या मुठीची छत्री हरवली होती. हवालदार ताडकन उठला, स्वतःच्या पंच्यानं खुर्ची पुसली आणि न विचारताच वहीत लिहिलं : राहणार खालची आळी.

"सकाळी बंदरावर फिरायला गेलो होतो," आप्पासाहेब म्हणाले. "तिथंच कुठं गेली असेल."

बंदर म्हटल्याबरोबर हवालदाराची मान दाराकडे वळली.

"काय गं? छत्री कुठाय?"

"कंची छत्री? माजी शेळी..."

"शेळीचं मरू दे!"

भागोजी शिपायानं वखारीमागून तिचं बोचकं आणून फरशीवर उपडं केलं. एक लुगडं, एक जर्मनची वाटी, चार सुके बोंबील. छत्री नव्हती. छत्री नाही, म्हणजे ती विकली असणार! पुन्हा वही उघडली, आणि या खेपेला टाक कुठं अडला म्हणून नाही. संशयित सगुणा, राहणार मांडवी बंदर. साहेबांच्या हजेरीचं भय कुठं पळालं कोण जाणे. सगुणेला कोठडीत घातलं, आणि छत्रीच्या मुठीवर कुठली अक्षरं कोरली होती ते आप्पासाहेबांच्या घरी बाईसाहेबांना विचारून यायला भागोजीला खालच्या आळीत पिटाळलं.

कोठडीच्या गजांतून समुद्र दिसत होता. धोंडूच्या मचव्याचं शीड वर चढलं तशी सगुणा गज हलवून किंचाळली. "सोडा वो मला! मागनं परत कोंडा, पन आता सोडा!"

"फार आरडते हो ही," आप्पासाहेब म्हणाले.

तासाभरानं भागोजी परत आला तो छत्री घेऊनच. "बाईसायबांनी दिलानी. माजघरात खुंटीलाच होती म्हनं."

आप्पासाहेब खो खो हसले. "वय झालं बघा आमचं!" हवालदारही हसला. चहा मागवला गेला. सगुणेला कुणी चूक झाली असं म्हटलं नाही. कुलूप काढलं आणि "चल, नीघ" म्हणाले. कुत्र्यालाही माणूस याहून बरं हाकलतो.

बोचकं काखेत मारून ती धक्क्यावर पोहोचली तेव्हा मचवा बारीक होत चालला होता. ती धक्क्यावरच बसली आणि मोठ्यानं रडली. चहावाल्यानं एकदा पाहिलं आणि उद्याचं दूध कुणाकडून घ्यावं या विचाराला लागला.

ऊन उतरताना भागोजी आला. त्याला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. "उचल तुजं बोचकं. बंदरावर राहायची मनाई हाय. हवालदारांनी सांगितलानी, आजच्या आज उठवायची."

"मी कुटं हितं राहतंय? सकाळी त्येच म्हनले, बंदरावर बोटी राहतात."

"त्ये सकाळी," भागोजी म्हणाला. "आता वहीत लिवलंय."